घड्याळाचे तेलपाणी

चावीच्या घड्याळाचे भाग सुटे करून धुणे, वाळवणे, नेमक्या जागी तेलाचा थेंब ठेवणे आणि पुन्हा जोडणे म्हणजे घड्याळाचे तेलपाणी. घड्याळजी यालाच सर्व्हिसिंग म्हणतात. कोकण किनाऱ्यावर हे काम शिकणाऱ्याने तेलाआधी सफाई मनावर घ्यावी.

इथला खारा, दमट वारा पोलादाला सोडत नाही. मनगटी घड्याळातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर गंजाचा एक ठिपका पडला तरी चाल बिघडते. चाके धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्यांवर जुने तेल हिरवट होऊन चिकटून बसते. अशा मळावर नवे तेल सोडले की घड्याळ चार दिवस चालते. मग तेल आणि धूळ मिळून चाकांच्या आसांची टोके खाऊ लागतात. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल घालणे ही तर फार वाईट सवय. ते साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, म्हणजे पौषातल्या पहाटे घड्याळ अडते. घड्याळाचे तेल वेगळेच मिळते. ते टाकल्या जागी राहते, पसरत नाही.

नवशिक्याने सुरुवात लंबकाच्या भिंतीवरच्या घड्याळावर करावी. भाग मोठे असतात, हात बसतो. मात्र भरलेली स्प्रिंग धोक्याची. आधी लंबक काढावा, मग चावी घट्ट धरून स्प्रिंगला उलटे फिरू न देणारा खटका उचलावा आणि हातातल्या हातात अर्धा-अर्धा फेरा सोडत स्प्रिंग पूर्ण उतरवावी. ती एकदम सुटली तर बोटे फुटतात, दातेही तुटतात. भाग उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा. पंखा बंद ठेवावा आणि घामेजल्या बोटांनी पोलादाला हात लावू नये, चिमटा वापरावा.

भाग पेट्रोलमध्ये मऊ ब्रशने धुतात, अर्थातच चूल, दिवा आणि विडी यांपासून लांब, उघड्या हवेत. आसांची भोके बांबूच्या टोकदार काडीने फिरवून काढावीत. काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे काम संपलेले नसते, आणि कंटाळा येतो तो इथेच. मनगटी घड्याळाच्या बाबतीत आणखी एक जपायचे: त्यातले काही खडे (झीज कमी व्हावी म्हणून बसवलेली बारीक रत्ने) लाखेने चिकटवलेले असतात. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणून तो भाग स्पिरिटमध्ये भिजत घालू नये.

आता तेल. आसाच्या भोकाभोवतालची छोटी वाटी जेमतेम निम्मी भरेल एवढाच थेंब, बारीक तारेच्या टोकाने. थेंब वाटीबाहेर ओघळला तर सगळे तेल पट्टीवर खेचले जाते आणि भोक कोरडे पडते. चाकांचे दाते कोरडेच ठेवतात.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या प्रसंगी घड्याळ गाळाच्या पाण्यात बुडाले, तर ते उन्हात सुकवत ठेवू नये. ताबडतोब उघडून गाळ धुवून काढावा आणि प्रत्येक भाग पूर्ण कोरडा करावा. गंज धरायला एक रात्र पुरते.

जोडलेले घड्याळ पुन्हा जांभ्याच्या भिंतीवर लावताना मागे कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवावेत, म्हणजे पावसाळ्यातली ओल लाकडाला लागत नाही. मग लंबक हलवून कान द्यावा. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे ऐकू येईपर्यंत घड्याळाचा खालचा भाग किंचित डावी-उजवीकडे सरकवावा, आणि जुळले की भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी.