फिट ओसरल्यानंतरची तीन मिनिटं

अपस्माराची फिट ज्याने जवळून पाहिली आहे त्याला आठवतात ते हातापायांचे झटके, आवळलेला जबडा, तोंडाला आलेला फेस. रुग्णाची छाती हलते आहे का, हे पाहायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. घरच्यांच्या तर नाहीच, पण डॉक्टरांचंही तिकडे फार उशिरा लक्ष गेलं. फिटमध्ये थांबणारा श्वास वाचवण्यासाठी आज जे संशोधन चाललं आहे, त्याची मुळं या उशिरातच शोधावी लागतात.

खूण तशी जुनीच होती. ब्रिटिश मेंदुविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की सौम्य फिटमध्येसुद्धा रुग्ण गुदमरतो. अंग जोरात झटके देत नसतानाही श्वास अडतो, म्हणजे दोष छातीच्या स्नायूंचा नसून वर मेंदूत कुठेतरी आहे, असा त्याचा अर्थ निघत होता. १९५२ मध्ये काडा आणि जॅस्पर यांनी माणसाच्या मेंदूतल्या काही भागांना, विशेषतः कानशिलामागच्या टेम्पोरल भागाच्या टोकाला, विजेची सौम्य चेतना देऊन पाहिली आणि श्वासावर त्याचा परिणाम होतो हे नोंदवलं. एवढं हाती असूनही पुढची कित्येक वर्षं हा धागा कुणी नेटाने पुढे नेला नाही.

त्याचं एक कारण मला फार खुपतं. अपस्मार असलेलं माणूस रात्री झोपतं आणि सकाळी उठत नाही. शवविच्छेदनात काहीच सापडत नाही: हृदय ठीक, फुफ्फुसात जीव घेईल असं काही नाही, विषबाधा नाही. काही सापडलं नाही म्हणून कागदावर काही ठाम लिहिलं जात नसे, आणि कागदावर नाही म्हणून मोजदाद होत नसे. अशा मृत्यूला ‘सुडेप’, म्हणजे अपस्मारातला अचानक, अनपेक्षित मृत्यू, अशी नेमकी व्याख्या मिळाली ती १९९० च्या दशकात. त्यात लीना नॅशेफ यांचं काम मोलाचं ठरलं. ब्रिटनमध्ये आपलं माणूस गमावलेल्या काही जणींनी १९९५ मध्ये स्वतःची संघटना उभी केली आणि हा विषय झाकून ठेवू नका, असा धोशा लावला. आज मानलं जातं, की अपस्मार असलेल्या दर १००० प्रौढांमागे वर्षाला साधारण एक जण असा जातो. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात हे प्रमाण कितीतरी जास्त असतं.

मोजायला लागल्यावर चित्र बदललं. २००८ मध्ये बेटमन आणि सहकाऱ्यांनी ५६ रुग्णांच्या ३०४ फिट तपासल्या. जवळपास एक तृतीयांश फिटमध्ये रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेला होता.

मग २०१३ मध्ये ‘मॉर्टेमस’ हा अभ्यास आला. फिटची नोंद घेण्यासाठी रुग्णांना व्हिडिओ आणि ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत-लहरींच्या नोंदीच्या, देखरेखीखाली ठेवणाऱ्या जगभरातल्या विभागांतून फिलिप रिव्हलाँ आणि सहकाऱ्यांनी श्वास आणि हृदय बंद पडल्याच्या घटना गोळा केल्या. सुडेपच्या १६ घटना मिळाल्या, आणि त्यांपैकी दहांमध्ये हृदय व श्वासाच्या नोंदी पुरेशा होत्या. दहाही जणांत क्रम एकच होता. सर्वांगाला झटके देणारी मोठी फिट, ती ओसरल्यावर काही काळ धापा टाकल्यासारखा श्वास, आणि तीन मिनिटांच्या आत श्वास आणि हृदय दोन्ही डळमळू लागणं. काही जण त्यातून क्षणभर सावरले आणि पुन्हा ढासळले. पण शेवटी आधी कायमचा थांबला तो श्वास, आणि हृदय त्यानंतर. वर्षानुवर्षं संशयाची सुई हृदयाकडे होती. याच अभ्यासात, श्वास-हृदय बंद पडूनही ज्यांना वाचवता आलं, त्यांच्यापैकी बहुतेकांपर्यंत मदत लगेच पोहोचली होती. जे गेले त्यांपैकी बहुतेकांपर्यंत ती फार उशिरा पोहोचली, आणि हे देखरेखीच्या विभागात.

श्वास का थांबतो, याचं सगळ्यात अस्वस्थ करणारं उत्तर आयोवा विद्यापीठातून २०१५ मध्ये आलं. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांत फिट अमिग्डाला या बदामाएवढ्या भागात पोहोचली, की श्वास थांबत होता. तिथे मुद्दाम चेतना दिली तरी तेच. रुग्ण जागा, शांत. ऑक्सिजन उतरत चालला आहे, पण त्याला ना घुसमट होते ना काही जाणवतं. ‘श्वास घ्या’ म्हटलं की तो सहज घेतो. श्वासाची यंत्रणा शाबूत होती. श्वास घ्यायला हवा ही हाकच आतून येत नव्हती.

ही हाक देणाऱ्यांमध्ये मेंदूच्या खोडातल्या, सेरोटोनिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा वाटा मोठा आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की त्या ओळखतात, श्वास वाढवतात, झोपलेल्याला जागं करतात. म्हणूनच निरोगी माणसाचं तोंड झोपेत उशीत रुतलं तर तो आपोआप मान वळवतो. मोठ्या फिटनंतर हा गजर मुका होतो. सुडेपच्या २५३ घटनांच्या एका आढाव्यात ७३ टक्के जण पालथे आढळले होते. कार्ल फेनगोल्ड यांनी काही जातींच्या उंदरांत हेच आजमावलं. घंटेचा मोठा आवाज झाला की या उंदरांना फिट येते, श्वास थांबतो आणि लगेच कृत्रिम श्वास दिला नाही तर ते मरतात. सेरोटोनिन वाढवणारं फ्लुओक्सेटिन आधी दिलं, तर अनेकांचा श्वास थांबला नाही. माणसांत मात्र हे इतकं सरळ निघालेलं नाही. २०१० मधल्या एका अभ्यासात अशी औषधं घेणाऱ्यांचा ऑक्सिजन मेंदूच्या एखाद्या भागापुरत्याच मर्यादित राहणाऱ्या फिटमध्ये कमी उतरला, पण जिवावर बेतणाऱ्या मोठ्या फिटमध्ये तसा फायदा दिसला नाही. त्यामुळे या गोळ्यांकडे सुडेपवरचा उपाय म्हणून पाहणं आज घाईचं होईल.

खात्रीचा आधार अजून दोनच गोष्टींचा आहे: मोठ्या फिट औषधांनी आटोक्यात ठेवणं आणि रात्री कुणीतरी जवळ असणं. स्वीडनमधल्या २०२० च्या अभ्यासात, वर्षात एक तरी मोठी फिट आलेल्या आणि खोलीत एकट्या झोपणाऱ्यांचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत ६७ पट आढळला. मनगटावरची उपकरणं आता फिट ओळखून दुसऱ्याला कळवतात, पण कळल्यावर धावत येणारं माणूस लागतंच. ते आल्यावर काय होतं, हे सेयाल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मोजलं. मोठी फिट येताच कुणी लवकर पोहोचलं, रुग्णाला कुशीवर वळवलं, तोंडातला स्राव काढला, ऑक्सिजन लावला, तर उतरलेला ऑक्सिजन लवकर सावरला.