क्रोमचा अल्टरनेटर बसवला तरी हेडलाइट मंदच

माझ्या मामेभावाकडं दोन सीटची एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, दोन वर्षं खपून त्यानं ती उभी केली, इंजिन उतरवून परत बसवलं, बॉडी रंगवली, बॉनेटखालचे ब्रॅकेटसुद्धा काळं पावडर कोटिंग करून आणले. गेल्या पावसाळ्यात गोव्याहून चोर्ला घाटानं बेळगावला येत होतो, रात्रीची वेळ, धुकं, वायपर चालू, ब्लोअर चालू, आणि कणकुंबी यायच्या आधीच हेडलाइट पिवळे पडायला लागले. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र काही लागला नाही. घरी आल्यावर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र, गेला असं ठरवून भावानं चकचकीत क्रोमचा नवीन मागवला, बसवला, बॉनेट उघडलं की आरशासारखा दिसायचा. पुढच्या पावसात परत तेच.

आता हा अल्टरनेटर करतो काय ते बघूया. आमच्याकडं जुने मिस्त्री अजून त्याला डायनामाच म्हणतात, पण दोन्ही वेगळे. डायनामोत करंट आर्मेचरमध्ये, म्हणजे फिरत्या वाइंडिंगमध्ये तयार व्हायचा आणि सगळाच्या सगळा कार्बनमधून, म्हणजे त्याला घासत राहणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून बाहेर यायचा, त्यामुळं आयडलिंगला चार्जिंग जवळजवळ नाहीच. अल्टरनेटरमध्ये उलटं आहे, मधला रोटर म्हणजे फिरणारं विद्युतचुंबक, त्याला कार्बनमधून थोडासाच करंट द्यायचा आणि खरी वीज बाहेरच्या स्थिर वाइंडिंगमध्ये तयार होते, फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं तेच तत्त्व. ही वीज एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी असते, बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेची लागते, म्हणून आत करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे ६ डायोड. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हाच हे गाड्यांत शक्य झालं, क्रायस्लरनं १९६० मध्ये व्हॅलियंट गाडीत दिला आणि मग डायनामो मागं पडत गेला.

क्रोमबद्दल सांगायचं तर तो थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याच्याखाली निकेल, बऱ्याचदा तांबं, आणि सगळ्यात आत ॲल्युमिनियमची बॉडी. वीज तयार करण्यात त्याचा काही हात नाही. उष्णतेचा प्रश्न मात्र येतो, कारण ७० अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण लोडवर साधारण १००० वॅट देतो तेव्हा आणखी ६०० वॅटच्या आसपास उष्णता होऊन वाया जाते, आणि चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी बाहेर फेकतो, थर्मासच्या आत चकाकी असते ती त्याचसाठी. तरीपण अल्टरनेटर मुख्यतः स्वतःच्या पंख्याच्या हवेनं गार होतो, त्यामुळं मला क्रोमपेक्षा जाळीत बसलेला खानापूरकडचा तांबडा चिखल जास्त घातक वाटतो. आणि क्रोमच्या बारीक चिरांतून पाणी आत गेलं की खालचं ॲल्युमिनियम गंजून फोड येतात, आपल्याकडच्या पावसाला हे लक्षात ठेवायलाच हवं.

भावाच्या गाडीचा दोष शेवटी बेळगावातल्या उद्यमबागजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं मल्टिमीटरनं शोधला, आणि ते बघून मला खरंच आनंद झाला. गाडी चालू, लाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू. अल्टरनेटरच्या प्लस बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर १४.२ व्होल्ट, म्हणजे एकदम ठणठणीत. बॅटरीवर १२.६. मग त्यानं एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली, तिथं १.६ व्होल्ट! तिथं ०.२ च्या वर जायला नको.

झालं असं की करंटला परत यायची वाट म्हणजे अर्थ, तो अल्टरनेटरच्या बॉडीतून ब्रॅकेट, ब्रॅकेटमधून इंजिन असा जातो, आणि ब्रॅकेटला पावडर कोटिंग, म्हणजे प्लॅस्टिकच की ते. करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जायलाय. तिथं रेझिस्टन्स ०.०४ ओहम जरी झाला तरी ४० अँपिअरला १.६ व्होल्ट गायब. व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आत बसून स्वतःचेच १४.२ बघतोय, त्याला वाटतंय सगळं ठीक, म्हणून लाल दिवा नाही. आणि हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं पडतो, १४.२ वरून १२.६ वर आलं की जवळजवळ एक तृतीयांश उजेड कमी. घाटात आम्हाला दिसलं ते हेच.

मग ब्रॅकेटची बसायची जागा पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली, अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत जाड अर्थ वायर ओढली. परत मोजलं, बॅटरीवर १४.१.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, गाडी चालू असताना बॅटरीची केबल काढून चार्जिंग बघायची जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे, ती सोडा. भरात चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक सुटली की रोटरचं चुंबकत्व लगेच उतरत नाही, व्होल्टेज क्षणात १०० च्या आसपास उडू शकतं आणि डायोड, रेग्युलेटर, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, असेल तर तोही जातो.

जुना अल्टरनेटर त्याच दुकानात बेंचवर लावून फिरवला. १४.२ व्होल्ट, कार्बन अर्ध्याहून जास्त शिल्लक, बेरिंगला आवाज नाही. भावानं तो कापडात गुंडाळून डिकीत ठेवलाय.