नवी बॅटरी घेण्याआधी

परभणीत मामांची कार्बोरेटरवाली जुनी गाडी आहे. आठवड्यातून दोनदा शेतावर जाते, एरवी दारात उभी. दोन वर्षांत तिला दुसरी बॅटरी बसली, तरी तिसऱ्या दिवशी सेल्फ घ्यायची नाही. "बॅटऱ्याच फसव्या यायल्या," मामा म्हणायचे. मला मात्र बॅटरीवर आळ घेणं पटेना.

गाडी बंद असली तरी घड्याळ, टेपची मेमरी थोडा करंट घेतातच. तो 0.05 अँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. मोजायचं असं: चावी काढायची, दारं लावायची, बॅटरीच्या निगेटिव्हची वायर सोडवायची आणि मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवून वायर व टर्मिनलच्या मधे जोडायचा. अशा वेळी सेल्फ मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. कॉम्प्युटरवाल्या गाडीत अर्धा तास थांबून आकडा बघावा.

आमचा आकडा आला 0.41. बॅटरी 35 अँपिअर-तासांची. भागाकार केला तर साधारण 85 तास, म्हणजे साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी! सेल्फचा जोर तर त्याच्या कितीतरी आधी जातो.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. आकडा ज्या फ्यूजला पडेल, चोर त्या लाइनवर. सगळे फ्यूज निघाले, आकडा होता तिथेच. इथेच बहुतेक जण हात टेकतात. पण अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, जाड वायर फ्यूज बॉक्समधून येतेच असं नाही. अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, खराब झाला की करंट उलटा झिरपतो. आधी बॅटरी सोडवून ती वायर काढली, पुन्हा मोजलं. फरक शून्य.

शेवटी सीटखाली हात घातला. सकाळचे सात, गाडी रात्रभर बंद, आणि टेपचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर कोमट! साडेबाराच्या आसपास व्होल्ट गुणिले 0.41 अँपिअर, म्हणजे पाच वॅटची ऊब. बसवणाऱ्याने त्याची चालू-बंदची निळी वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडली होती. म्हणून तो कधी बंदच होत नव्हता. ती टेपसोबत चालू-बंद होणाऱ्या वायरवर घेतली, आकडा 0.02 वर आला.

बॅटरीचं नुकसान मात्र झालंच होतं. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती प्रक्रिया आणखी जोरात चालते. म्हणून चार्जिंगचं काम गाडीवर न सोडता तिला चार्जरवर रात्रभर सावकाश चार्ज केलं. सकाळी मीटरवर 12.5 व्होल्ट दिसले.