डांबरी थराची सांख्यिकीय स्वीकृती आणि जोखीम

डांबरी थर किती दाबला गेला, हे कळायला त्यातून कोअर, म्हणजे दंडगोल तुकडे, कापून काढावे लागतात. सगळा रस्ता असा तपासता येत नाही. म्हणून ठरावीक लांबीचे काम एक ‘लॉट’ धरून मोजक्या कोअरांवरून तो घ्यायचा की नाकारायचा, ते ठरवतात. चांगला लॉट नाकारला जाणे ही कंत्राटदाराची जोखीम. वाईट लॉट स्वीकारला जाणे ही काम करून घेणाऱ्या खात्याची, म्हणजे अखेर रस्ता वापरणाऱ्यांची. अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या (‘आशो’) १९५८–६० च्या रस्ता चाचणीत काटेकोर देखरेखीखालच्या कामातही बराच चढउतार आढळला आणि या विचाराला जोर आला.

भारतात केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार कोअरांची सरासरी घनता विहित किमतीपेक्षा प्रमाण विचलनाच्या (१.६५ − १.६५/√न) पट तरी जास्त लागते, ‘न’ म्हणजे कोअरांची संख्या आणि प्रमाण विचलन म्हणजे कोअरांच्या घनतांमधल्या चढउताराचे माप. समजा, किमान घनता (पोकळी अजिबात नसलेल्या मिश्रणाच्या घनतेच्या) ९२ टक्के, कोअर ४, सरासरी ९३. विचलन १.० असेल तर ९२.८३ पुरतात, लॉट पास. विचलन १.५ असेल तर ९३.२४ लागतात, तोच ९३ नापास. रोलिंग एकसारखे नसण्याची ही किंमत आहे, आणि ती रास्तच आहे.

या सूत्रातली महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. विचलन माहीत धरले, तर ५ टक्के भाग सदोष, म्हणजे किमान घनतेखाली, असलेला लॉट नाकारला जाण्याची शक्यता कोअर कितीही काढले तरी ५ टक्केच राहते. खात्याची जोखीम मात्र कोअरांवर ठरते: २० टक्के भाग सदोष असलेला लॉट ४ कोअरांत निम्म्या वेळा पास होतो, १६ कोअरांत जेमतेम ५-६ टक्के वेळा.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. थरातली हवेची पोकळी ८ टक्क्यांच्या वर, म्हणजे घनता ९२ च्या खाली, गेली की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात, पाणी थरात शिरते आणि डांबर खडीपासून सुटते. पत्रादेवी ते पोळे या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर चुकून स्वीकारलेला लॉट पहिल्याच पावसाळ्यात खड्डे दाखवू शकतो.

कोअरची जागा डोळ्यांनी निवडू नये. १,००० मीटरचा लॉट २५० मीटरच्या चार भागांत विभागून प्रत्येकात ० ते १ मधले यादृच्छिक आकडे वापरावेत: ०.३७ आला तर लांबीत ९२.५ मीटर, ७ मीटर रुंदीत ०.६२ म्हणजे कडेपासून ४.३४ मीटर. मिश्रण थंड झाल्यावर रोलर फिरलेली जागा आणि सांध्याजवळची पट्टी घनतेत हमखास कमी भरते. नेमक्या त्याच जागा टाळल्या जातात. कमी आलेला कोअर फेकून शेजारी दुसरा काढला, की वरचे सगळे गणित निरर्थक होते.