कार्डाला भोक पाडण्याआधी

गळ्यातल्या दोरीत अडकवायचं म्हणून ऑफिसच्या किंवा मेट्रोच्या कार्डाला पंचिंग मशीनने भोक पाडलं आणि कार्ड कायमचं गप्प झालं, असं पुष्कळदा होतं. वरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण ०.७६ मिलिमीटर जाडीच्या त्या प्लॅस्टिकमध्ये, कडेकडेने, बारीक तारेची काही वेटोळी फिरवलेली असतात. ती एका जागी तुटली की खेळ संपला. फिक्या रंगाच्या कार्डामागे मोबाइलचा टॉर्च धरला तर ही तार सावलीसारखी दिसते. मागच्या खिशात कार्ड ठेवून त्यावर रोज बसलं, तरी वाकून वाकून तार किंवा तिचा चिपशी असलेला जोड तुटतो.

या तारेवर एवढं का अवलंबून? कारण कार्डात बॅटरी नसते. गेटवरच्या रीडरमध्येही एक वेटोळं असतं आणि त्यातला प्रवाह सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा मागे-पुढे झुलतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात कार्ड आलं की कार्डाच्या तारेत वीज तयार होते, अगदी ट्रान्सफॉर्मरमध्ये होते तशी. तेवढ्यावर चिप जागी होते. उत्तर देताना कार्ड स्वतःच्या लहरी सोडत नाही. ते आपला भार कमी-जास्त करतं आणि रीडरला ती ओढ जाणवते. म्हणून अंतर फार चालत नाही, व्यवहारात तीन-चार सेंटीमीटरच. कार्डामागे धातूचा पत्रा असला तर तेही क्षेत्र दाबून टाकतो.

बँकेच्या कार्डावरचा सोनेरी चौकोन म्हणजे चिप नव्हे, ते नुसते संपर्कबिंदू. वीज, रिसेट, घड्याळाचे ठोके, ग्राउंड आणि माहितीची ये-जा यांसाठी एकेक. काही चौरस मिलिमीटरची खरी चिप त्यांच्या मागे चिकटवलेली असते. मोबाइलचं सिम हे प्लॅस्टिक कापून टाकलेलं असंच कार्ड. म्हणूनच ते आपला पिन स्वतः तपासतं: तीनदा चुकला की कुलूप, आणि ते उघडायचा पीयूके हा दुसरा कोड दहादा चुकला की सिम कायमचं बाद.

जुन्या चुंबकीय पट्टीवरची माहिती दर वेळी तीच असायची, त्यामुळे एकदा नक्कल झाली की झाली. चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर येत नाही. दुकानातलं मशीन रक्कम, तारीख आणि त्या वेळेपुरता एक यादृच्छिक आकडा पाठवतं. कार्ड त्यात आपल्या व्यवहारांचा क्रमांक मिसळतं आणि किल्ली वापरून ८ बाइटची सही करतं. बँक तीच आकडेमोड आपल्याकडे करून ती पडताळते. मधल्या कोणी ही सही टिपली तरी पुढच्या व्यवहाराला ती निकामी. रिझर्व्ह बँकेने पट्टीची कार्डं बदलून चिपची देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती, ती यामुळेच.

मेट्रोच्या गेटवर घाई जास्त असते. तिथे शिल्लक कार्डातच असते. आत जाताना गेट कार्डावर स्थानक आणि वेळ लिहितं, बाहेर पडताना भाडं वजा करतं. लिहिणं चालू असताना कार्ड उचललं तर वीज जाते. चिप नवा आकडा आधी वेगळ्या जागी लिहून मगच पक्का करते, त्यामुळे पैसे अर्धवट कापले जात नाहीत. पण कधी प्रवेशाची नोंद पक्की होते आणि पोच मात्र गेटपर्यंत पोहोचत नाही. मग गेट बंद आणि कार्ड म्हणतं, ‘मी आत आहे’. काउंटरवर जाऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. तेव्हा हिरवा दिवा लागेपर्यंत कार्ड टेकवून ठेवा. पाकिटात दोन कार्डं असतील तर हवं ते बाहेर काढा; एका वेळी दोघं बोलू लागली की रीडर व्यवहारच नाकारतो. आणि मोबाइलवरून नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड रिचार्ज केलं, तर पैसे कार्डावर उतरवायला सहसा एकदा स्थानकातल्या मशीनवर ते टेकवावं लागतं.

सोसायटीच्या दारावरची पुष्कळ कार्डं मात्र स्मार्ट, म्हणजे स्वतः हिशेब करणारी, नसतातच. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं विचारलं की फक्त आपला नंबर सांगतात, आणि तो नंबर कोऱ्या कार्डावर उतरवणं मिनिटभराचं काम आहे. मायफेअर क्लासिक या जुन्या प्रकारच्या चिप-कार्डात किल्ली आहे, पण तिचं ४८ बिटांचं कुलूप २००८ मध्येच नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी उघडून दाखवलं. तरी ती आजही बसवली जातात, हे चूक आहे. नवी यंत्रणा घेताना कंत्राटदाराला थेट विचारा: रीडर कार्डाचा नुसता नंबर वाचतो, की एईएस या मजबूत सांकेतिक पद्धतीच्या किल्लीने कार्डाला उत्तर द्यायला लावतो? पहिलं असेल तर दुसरं कोटेशन मागवा.