फोन मराठीत केला की घड्याळ का बदलते? एक पार्श्वभूमी

अँड्रॉइडच्या भाषांच्या यादीत मराठी दिसू लागली ती २०१४ च्या अखेरीस, लॉलीपॉप म्हणजे ५.० या आवृत्तीसोबत. त्या खेपेला पंधरा भाषांची भर पडली. बंगाली, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू, नेपाळी, सिंहली यांच्या रांगेत मराठीही होती. हिंदी आधीपासून आत होती. आज फोनची भाषा बदलण्यावरून, आणि मराठी करताच घड्याळातले आकडे देवनागरी होण्यावरून, जे वाद होतात, त्यांतले बरेचसे या तारखेनंतरचे आहेत. पण सवयी मात्र त्याआधीच्या, बटणांच्या फोनवर जडलेल्या.

त्या काळी फोनमध्ये कोणत्या भाषा असतील हे कारखान्यातून निघतानाच ठरलेले असे. भाषांचे गठ्ठे केलेले असत आणि ज्या भागात विकायचा त्या भागाचा गठ्ठा फोनमध्ये भरलेला असे. दुसऱ्या प्रांतातून आणलेल्या फोनच्या यादीत मराठी नसली, तर सेटिंगमध्ये कितीही शोधून ती मिळत नसे. सर्व्हिस सेंटर किंवा कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला गाठून फोन 'फ्लॅश' करून, म्हणजे त्याची आतली प्रणाली नव्याने भरून घ्यावी लागे. शिवाय भाषेच्या यादीत सर्वांत वर 'ऑटोमॅटिक' असे. तो पर्याय ठेवला की सिमकार्डावरच्या माहितीवरून फोन आपली भाषा ठरवी. आपल्याकडच्या बहुतेकांचा फोन त्यामुळे न विचारताच इंग्रजीत सुरू झाला आणि इंग्रजीतच राहिला.

पडद्याचीही अडचण होती. टॉर्चवाला नोकिया ११०० घ्या : ९६ गुणिले ६५ ठिपक्यांचा पडदा. इंग्रजी अक्षर थोड्या उंचीत बसते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा सोडावी लागते. म्हणजे ओळी कमी, आणि शब्द लांब असला तर तो अर्ध्यात तुटलेला. भाषांतर करणाऱ्याला चांगला शब्द सापडूनही उपयोग नसे. बसेल तो शब्द घ्यावा लागे. त्या मेनूंतली मराठी कृत्रिम वाटते म्हणून तिची पुष्कळ थट्टा झाली, पण तिच्यामागचे हे ठिपक्यांचे गणित फारसे कुणी लक्षात घेतले नाही.

एसएमएसने तर मराठीला सरळ महाग केले. एका संदेशात १४० बाइट बसतात. रोमन अक्षरे सात बिटांची, म्हणून १६०. देवनागरी अक्षर सोळा बिटांचे, म्हणून फक्त ७०, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजली जाते. दिवाळीची दोन ओळींची शुभेच्छा मराठीत लिहिली की दोन संदेशांचे पैसे. 'kasa ahes' छापाचे रोमन मराठी त्यातूनच रुजले असे माझे मत आहे. हाताला एकदा रोमन कळफलकाचे वळण लागले, की मेनू मराठीत करावा असे वाटण्याचे कारणच उरत नाही.

स्मार्टफोनच्या पहिल्या चार-पाच वर्षांत मेनू दूरच, वाचण्याचीच मारामार होती. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर मराठी पान उघडले की चौकोन दिसत. फॉन्ट असलाच तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरे सुटी. त्या दिवसांतला सर्वांना ठाऊक असलेला उपाय ऑपेरा मिनी या ब्राउझरमधला. पत्त्याच्या जागी config चे पान उघडायचे आणि तळाशी अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू करायचा. मग अक्षरे दूरच्या सर्व्हरवर जुळवून चित्रासारखी फोनवर येत. डेटा जास्त जाई, पण वेलांटी जागेवर असे.

सरकार यात उतरले २०१६ मध्ये. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर बावीसही अनुसूचित भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत तो लिहिता आला पाहिजे, असे मानक लागू झाले. मुदत १ जुलै २०१७ ची होती. ती पुढे ढकलली गेली. हिंदी सक्तीची आणि बाकीच्यांतली 'कोणतीही एक', यावर दक्षिणेत नाराजी उमटणे स्वाभाविक होते. मराठीला हिंदीशी लिपी सामायिक असल्याचा आयता फायदा मिळाला. मात्र वाचणे आणि लिहिणे एवढ्यावरच हे मानक थांबते. मेनू कोणत्या भाषेत असावा हे त्याने कंपन्यांवर सोडले.

आता आकड्यांकडे. फोनची भाषा हिंदी केली तर घड्याळातले आकडे इंग्रजीच राहतात. मराठी केली की घड्याळ, तारीख, बॅटरीची टक्केवारी सगळे देवनागरीत. लिपी एक, देश एक, फोन तोच. मग हा फरक का? कारण फोन हे स्वतः ठरवत नाही. जगभरातल्या भाषांची माहिती (महिन्यांची नावे, तारीख लिहायची पद्धत, अनेकवचनाचे नियम, आकड्यांची लिपी) एका सामायिक भांडारात ठेवलेली आहे आणि बहुतेक प्रणाली ती तिथूनच उचलतात. त्या भांडारात मराठीसमोर मूळ पर्याय म्हणून देवनागरी अंक लिहिले आहेत. नेपाळी आणि बंगालीसमोर त्यांचे त्यांचे अंक आहेत. हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ यांच्यासमोर आंतरराष्ट्रीय अंक.

हा वाद फोनपेक्षा फार जुना आहे. संविधान सभेत भाषेच्या प्रश्नावर जी ताणाताण झाली, तिच्यातला एक हट्टाचा मुद्दा अंकांचाच होता. शेवटी कलम ३४३ मध्ये संघराज्याच्या कामासाठी देवनागरी लिपीतली हिंदी, पण अंक मात्र 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' अशी तडजोड झाली. हिंदीच्या फोनवर आज इंग्रजी आकडे दिसतात ते या तडजोडीशी जुळणारे आहे. महाराष्ट्राचे वळण वेगळे. मुंबईच्या लाल बसवरचा आकडा, मराठी शाळेतले पाढे, दैनिकाच्या मथळ्याखालची तारीख, कालनिर्णयचे पान हे सगळे देवनागरी अंकांत. मराठीसमोर देवनागरी अंक लिहिणाऱ्यांनी वापर पाहूनच लिहिले, आणि ते योग्यच होते असे मला वाटते. गंमत एवढीच की २०१६ च्या नव्या नोटांवर देवनागरी आकडा छापला गेला तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे त्याला आव्हान देणारी याचिका गेली. कोट्यवधी फोनांवरच्या आकड्यांबद्दल मात्र कधी कुणाला विचारलेच गेले नाही.

तक्रारी आल्या त्या तत्त्वाच्या नव्हत्या, ॲप बंद पडण्याच्या होत्या. ॲप लिहिणारा एखादी संख्या मजकुरात बदलताना साधी आज्ञा वापरतो आणि भाषा कोणती ते सांगत नाही. मग प्रणाली फोनची भाषा धरते. मराठी फोनवर ५०० ही रक्कम किंवा आजची तारीख देवनागरी अंकांत तयार होते आणि तशीच सर्व्हरकडे जाते. सर्व्हरला ते अंक वाटतच नाहीत. व्यवहार अडतो, किंवा ॲप उघडताक्षणी बंद होते. उपाय एका शब्दाचा आहे : यंत्राने यंत्राला पाठवायच्या मजकुरात भाषा तटस्थ ठेवायची. ही सूचना विकासकांच्या मार्गदर्शिकांत बरीच वर्षे आहे. पण चाचणी इंग्रजी फोनवर, फार तर हिंदी फोनवर होते, आणि हिंदीत ही चूक दिसतच नाही. ग्राहकसेवेकडून उत्तर येते, 'फोनची भाषा इंग्रजी करून बघा.' मराठी मेनू सोडून देणाऱ्या कित्येकांनी तो भाषेसाठी नव्हे, या एका उत्तरापायी सोडला असावा.

मजकूर कोणत्या भाषेतला आहे या खुणेवर आणखी एक गोष्ट अवलंबून असते, ती कमी जणांच्या लक्षात येते. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, पण संगणकाच्या लेखी दोन्ही वळणांचा सांकेतिक क्रमांक एकच. फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तर मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्यावर तो मराठी वळण दाखवतो. 'ॲ' ची गोष्ट वेगळी. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला, म्हणून त्याआधीचे फॉन्ट असलेल्या फोनांवर 'ॲप' ऐवजी चौकोन दिसे.

गेल्या दहा वर्षांत एकच भाषा निवडण्याचे बंधन सैल झाले. २०१६ च्या नूगट, म्हणजे अँड्रॉइड ७ पासून भाषांचा पसंतीक्रम लावता येतो : आधी मराठी, ती नसेल तिथे हिंदी किंवा इंग्रजी. अँड्रॉइड १३ ने २०२२ मध्ये प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवण्याची सोय दिली. आयफोनवर ती २०१९ पासून होती, मात्र आयफोनचा स्वतःचा मेनू मराठीत यायला आयओएस १८.४, म्हणजे २०२५ उजाडले. अँड्रॉइड १४ ने अंकांची लिपी भाषेपासून वेगळी निवडण्याचा पर्याय आणला. म्हणजे मेनू मराठी आणि आकडे इंग्रजी, किंवा मेनू मराठी आणि बँकेचे ॲप तेवढे इंग्रजी, असे आता करता येते. अट एवढीच की आपण कोणकोणत्या भाषांत आहोत हे त्या ॲपने जाहीर केलेले असले पाहिजे. नाही तर सेटिंगमधल्या ॲप-भाषांच्या यादीत त्याचे नावच येत नाही.