ठिणगीची कांडी: गॅसबत्तीच्या टाकाऊ मालातून सर्व्हायव्हल किटपर्यंत

ट्रेकच्या सामानात हल्ली फायर स्टार्टर असतोच. बोटाएवढी काळी कांडी आणि दोरीने तिला बांधलेली पोलादी पट्टी. पाकिटावर दोन दावे हमखास छापलेले असतात: ओली झाली तरी चालते आणि हजारो वेळा घासता येते. दोन्ही दावे खरे आहेत. तरीही दोन-तीन पावसाळे सॅकच्या कप्प्यात विसरलेली हीच कांडी बाहेर काढली, तर कधीकधी तिच्यावर राखाडी-पांढरी भुकटी धरलेली असते. कडा फुगून भेगाळलेल्या असतात आणि नखाने खरवडलं तरी पापुद्रे सुटतात. भिजून न बिघडणारी वस्तू कोरड्या कप्प्यात पडून कशी बिघडते, हे तिच्या इतिहासात शिरल्याशिवाय नीट कळत नाही.

जुनी चकमक अशी बिघडत नसे. गारेचा तुकडा पोलादावर झटक्याने आपटला की पोलादाचे बारीक कण खरवडून निघतात, घर्षणाने तापतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने पेट घेतात. म्हणजे जळतं ते लोखंड, दगड फक्त खरवडतो. गार शेकडो वर्षं पडून राहिली तरी तिला काही होत नाही, आणि पोलादाला वरवर गंज चढलाच तर तो घासून काढता येतो. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोट्या आणि अकीक भरपूर, त्यामुळे आपल्याकडे दगडाची वानवा कधीच नव्हती. खरी काळजी घ्यावी लागे ती कापसाची. लोखंडाची ठिणगी तशी अशक्त. ती धरायला सावरीचा कापूस किंवा अर्धवट जाळून काळी केलेली चिंधी लागे, आणि तीही कडकडीत कोरडी. १९९१ मध्ये आल्प्समधल्या हिमनदीत सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या गोठलेल्या मृतदेहाजवळ सुक्या बुरशीचा गोळा होता आणि त्यावर पायराइट या लोहखनिजाचे कण मिळाले. शिवाय झाडाच्या सालीच्या डब्यात, मॅपलच्या पानांत गुंडाळलेले कोळसेही त्याच्याकडे होते. ठिणगीवर एकट्या विसंबायचं नाही, निखाराही सोबत न्यायचा, एवढी अक्कल तेव्हाच आली होती.

ठिणगीचा भरवसा किती, याचा पहिला मोठा हिशेब मात्र चूल पेटवणाऱ्यांनी मांडला नाही, तो फौजांनी मांडला. आपल्याकडे तोड्याची बंदूक बराच काळ टिकली. तिला सतत धुमसणारी वात लागे. युरोपी पलटणींच्या हातात चकमकीची बंदूक आली. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा कातड्यात किंवा शिशाच्या पत्र्यात गुंडाळून बसवत. नुसता दगड घट्ट बसत नसे आणि ठिणगी चुके. दगडाची धार थोड्याच बारांत बोथट होई, मग तो फिरवायचा, धार काढायची, नाहीतर बदलायचा. पाऊस आला की घोड्यावर कातड्याची टोपी. १८३४ मध्ये इंग्लंडात वूलिच इथे चकमकीच्या सहा आणि नव्या टोपीच्या (घोडा आपटताच पेटणारी स्फोटक भरलेली धातूची टोपी) सहा बंदुकांतून, सगळ्या हवामानांत, प्रत्येक प्रकाराचे ६,००० बार काढून पाहिले. टोपीच्या दर एका फुकट गेलेल्या बारामागे चकमकीचे फुकट गेले जवळपास २६. चकमकीच्या बंदुकीचं नशीब तिथेच ठरलं. सैनिक कुचकामी नव्हते. दगड, पोलाद आणि दारू या तिन्ही गोष्टी एका क्षणी कोरड्या आणि धारदार असणं हीच दुर्मीळ गोष्ट होती.

घरांतून चकमक हटवली ती काडेपेटीने. जॉन वॉकरच्या काड्या १८२७ च्या सुमारास विकायला आल्या, पुढे स्वीडनची सुरक्षित काडी आली, आणि १९२० च्या दशकात अंबरनाथला विमकोचा कारखानाही उभा राहिला. काडेपेटीने ठिणगीला अडगळीत टाकलं होतं.

ठिणगीला परत आणलं ते कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने, आणि तेही दिव्यांच्या धंद्यातून. जुन्या वाचकांनी पेट्रोमॅक्सचा मेंटल पाहिला असेल: रेशमी जाळीची पिशवी, एकदा जाळली की पांढऱ्या राखेचा नाजूक फुगा, आणि त्यातून लख्ख उजेड. ही मेंटलची युक्ती आउअरची, १८८५ ची. सगळ्यात उत्तम उजेड देणारं मिश्रण त्याला पुढे सापडलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि जेमतेम १ टक्का सेरियम ऑक्साइड. थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूतून काढत. आधी ही वाळू मुख्यतः ब्राझीलहून येई. १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं, आणि आपल्या दक्षिण किनाऱ्याची वाळू जहाजांनी युरोपला जाऊ लागली. दोरखंडाच्या धुळीतून एवढा व्यापार उभा राहिला, याचं नवल वाटतं.

अडचण अशी की मोनाझाइटमध्ये थोरियम थोडं आणि सेरियम, लँथेनम वगैरे धातूंची मंडळी फार. मेंटलला सेरियम चिमूटभरच लागे. बाकीच्याचे ढीग कारखान्यांमागे साचले. आउअरने त्या टाकाऊ क्षारांपासून धातू काढला. सेरियम खरवडला तर ठिणग्या उडतात, पण शुद्ध सेरियम मऊ. त्यात सुमारे ३० टक्के लोखंड मिसळलं तेव्हा तो कडक आणि ठिसूळ झाला, इतका की पोलादी कडेने घासताच भुगा सुटून उडावा. १९०३ मध्ये त्याने पेटंट घेतलं. हेच फेरोसेरियम. सिगारेटच्या लायटरमधला खडा म्हणजे हेच, गॅस कटिंगवाल्याच्या स्पार्क लायटरमधला तुकडाही हाच, आणि ट्रेकरची कांडी म्हणजे त्याच मिश्रधातूचा, बहुधा थोडं मॅग्नेशियम घातलेला, मोठा अवतार.

सेरियमचा भुगा साधारण १५० ते १८० अंश सेल्सियसला पेट घेतो. घासण्याने एवढी उष्णता सहज मिळते, म्हणून कांडी ओली असली तरी पुसून दोन-तीनदा घासली की ठिणग्या देते. पण जो धातू ऑक्सिजनशी इतक्या उतावीळपणे जोडला जातो, तो पडून असतानाही गप्प बसत नाही. दमट हवेत त्याचं हळूहळू ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड होत राहतं. ॲल्युमिनियमवर गंजाचा पातळ थर बसतो आणि आतला धातू वाचतो. इथे थर फुगतो, सुटतो आणि खालचा नवा धातू उघडा पडतो. जुने लायटर गोळा करणाऱ्यांना हा त्रास ठाऊक असतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेला खडा नळीतच फुगून दगडासारखा बसतो आणि शेवटी ड्रिलने कोरून काढावा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या खंदकांनी लायटर खिशाखिशात पोचवला. सर्व्हायव्हल किटची गरज वेगळी होती. विमानातून उडी मारलेल्या वैमानिकाचा एक हात मोडलेला असू शकतो, म्हणून अमेरिकी किटमध्ये ‘स्पार्क-लाइट’सारखी एका हाताने चाक फिरवायची छोटी नळी आली, सोबत मेण लावलेल्या कापसाच्या गाठी. दुसरा प्रकार मॅग्नेशियमच्या ठोकळ्याचा, एका बाजूला खाच आणि त्यात चिकटवलेली फेरोसेरियमची कांडी; ठोकळ्याचा कीस खरवडायचा आणि तो कांडीच्या ठिणगीने पेटवायचा. कल्पना छान, पण माझ्या मते कोकणकड्याच्या पावसाला हा प्रकार सगळ्यात कमी योग्य. गोंदाच्या फटीत ओल अडकते, दोन वेगळे धातू शेजारी असतात, त्यात समुद्राकाठचं खारं पाणी लागलं की गंजणं वेगाने होतं. ठोकळा शाबूत आणि कांडी गळून पडलेली, अशी तऱ्हा त्यातून होते.

नव्या कांडीवरचा काळा थर हे संरक्षण असतं. पहिल्यांदा वापरताना तो खरवडावाच लागतो, नाहीतर ठिणगीच उडत नाही आणि लोक माल नकली म्हणून परत करतात. मात्र सगळा थर काढायचा नाही, घासायच्या पट्ट्यापुरताच काढायचा. वापर झाला की पुसून, वाळवून उघड्या भागावर नेलपॉलिश, मेण किंवा व्हॅसलिनचा हात फिरवायचा. पुढच्या वेळी दोन फटक्यांत ते निघून जातं. कांडी घामेजलेल्या टी-शर्टबरोबर किंवा मिठाच्या पुडीबरोबर ठेवू नये. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा घासून पाहावी; भुकटी दिसली तर खाली चकाकता धातू लागेपर्यंत खरवडावी. कांडी आतपर्यंत भेगाळली असेल तर ती फेकून द्यावी.

पट्टीकडे कुणी लक्ष देत नाही. तिला धार नको, काटकोनी कडा हवी. हॅक्सॉच्या जुन्या पात्याची पाठ उत्तम चालते. इथे पोलाद जळायचं नसल्याने स्टेनलेसही चालतं. खऱ्या गारगोटीबरोबर मात्र कार्बनचं, पाणी देऊन कडक केलेलं पोलादच लागतं. पट्टी जागेवर दाबून कांडी मागे ओढली तर रचलेला कापूस उधळत नाही. तो कापूस व्हॅसलिनमध्ये मळून डबीत ठेवलेला असावा, कारण फेरोसेरियमची ठिणगी कितीही तापट असली तरी ओल्या काटक्यांना ती काही करू शकत नाही.

स्वयंपाकघरातला गॅस लायटर सॅकमध्ये टाकणारे भेटतात. तो दाबाने वीज निर्माण करतो. त्याची ठिणगी गॅस पेटवते, पण कापूस पेटेल याचा भरवसा नाही. साधा ब्युटेन लायटर त्यापेक्षा बरा, पण शुद्ध ब्युटेन शून्याच्या किंचित खाली वायू होणंच सोडतो, म्हणून हिमालयात लायटर रात्रभर अंगाशी ठेवतात. गॅस संपलेला लायटरही लगेच फेकायचं कारण नाही. चाकाखाली आउअरचा खडा शिल्लक असेतो तो ठिणगी देतच राहतो.